तुम्ही विचारलंत म्हणून: स्टिरॉइडची गोळी एकदम सोडली तर काय होतं?

"गोळी येकदम सोडली तर काय होतला?"

मालवण-कुडाळपासून वर दापोली-हर्णैपर्यंत गेलं की बोलीचा हेल बदलतो, प्रश्न तोच राहतो. दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा कातडीच्या आजारासाठी महिनोन् महिने प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी घेणारी माणसं तो विचारतात, आणि पुष्कळदा गोळी सोडून झाल्यावर विचारतात. कारणं खरीच असतात. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. शेजारच्या काकूंनी सांगितलं की स्टिरॉइडने हाडं पोकळ होतात. बरं वाटलं म्हणून सोडली. चार दिवस पाऊस थांबेना आणि खाडीपलीकडच्या मेडिकलपर्यंत जाणंच झालं नाही.

थोडक्यात उत्तर असं. तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली, तर जगायला लागणारं कॉर्टिसोल काही काळ शरीराला कुठूनच मिळत नाही, असं होऊ शकतं. त्या काळात मोठा ताप आला, उलट्या-जुलाब लागले, अपघात झाला किंवा ऑपरेशन करावं लागलं तर जीवावर बेततं. असं का होतं ते समजायला शरीर हे हार्मोन कसं बनवतं ते पाहावं लागेल. ते एकदा लक्षात आलं की गोळी कशी घ्यायची आणि कशी सोडायची हे पाठ करावं लागत नाही.

स्टिरॉइड हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. खरं तर ते रेणूंच्या एका घराण्याचं नाव आहे. कार्बनची चार कडी एकमेकांना चिकटलेली, तीन सहा कोनांची आणि एक पाच कोनांचं, एवढा त्यांचा सांगाडा. कॉर्टिसोल, अल्डोस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही सगळी त्याच घराण्यातली, आणि ती आत्ता, हे वाचत असताना, तुमच्या शरीरात तयार होत आहेत. सगळ्यांचा कच्चा माल एकच: कोलेस्टेरॉल.

इथे बहुतेकांच्या भुवया उंचावतात. ज्या कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री गोळी घ्यायची, त्याच्यापासूनच हार्मोन? मग ती गोळी घेतल्यावर हार्मोन कमी पडणार नाहीत का? नाही पडत, आणि त्याचं कारण साध्या हिशेबात आहे. आपलं शरीर रोज साधारण पाऊण ते एक ग्रॅम कोलेस्टेरॉल स्वतः बनवतं, शिवाय खाण्यातून येतं ते वेगळं. कॉर्टिसोल मात्र दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आसपास लागतं आणि अल्डोस्टेरॉन त्याच्याही शंभराव्या हिश्शाएवढं. गोळीने रक्तातलं कोलेस्टेरॉल अर्ध्यावर आलं तरी या कामाला माल पुरून उरतो. म्हणून हार्मोनच्या भीतीने कोलेस्टेरॉलची गोळी कुणी सोडू नये.

कोलेस्टेरॉलमध्ये 27 कार्बन असतात. ते पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारक्या कप्प्यांच्या) आतल्या पडद्यापर्यंत पोचवावं लागतं, आणि हे पोचवणं हीच सगळ्या कामातली अडचणीची पायरी आहे. एक खास प्रथिन ते ओढून आत नेतं. आत गेल्यावर एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, त्याची 6 कार्बनची शेपटी कापतं आणि 21 कार्बनचं प्रेग्नेनोलोन उरतं. इथून पुढे वाटा फुटतात. 21 कार्बन तसेच ठेवून ठरावीक जागी ऑक्सिजन जोडले की कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन होतं. आणखी 2 कार्बन छाटले की 19 कार्बनची पुरुषी हार्मोन. त्यातला आणखी एक काढला की 18 कार्बनचं इस्ट्रोजेन. म्हणजे बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेनसुद्धा आधी पुरुषी हार्मोन असतं आणि मग इस्ट्रोजेन होतं. बीजकोषात एका थरातल्या पेशी पहिलं बनवतात आणि शेजारच्या थरातल्या त्याचं दुसरं करतात. पाळी गेल्यावर हेच काम चरबीतल्या पेशी थोड्याफार प्रमाणात चालू ठेवतात.

पोफळीच्या बागेला पाटाने पाणी लावणाऱ्याला पुढची गोष्ट चटकन कळेल. पाट एकच, त्यातून आळ्याआळ्याला पाणी जातं. एका बाजूचं तोंड मातीने बुजलं तर मागून येणारं पाणी थांबत नाही, ते दुसऱ्या बाजूला फुटतं. तिकडची आळी तुंबतात आणि इकडची झाडं वाळतात. काही बाळं जन्मतःच अशी येतात की कॉर्टिसोलकडे आणि अल्डोस्टेरॉनकडे जाणाऱ्या वाटेवरचं 21-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम त्यांच्यात नसतं किंवा अपुरं असतं. मग कॉर्टिसोल होत नाही, मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन होत नाही, आणि सगळा माल पुरुषी हार्मोनकडे वळतो. मुलीच्या जननेंद्रियाची ठेवण जन्मतःच वेगळी दिसते, त्यामुळे डॉक्टरांना शंका येते. मुलगा मात्र अगदी व्यवस्थित दिसतो, घरी जातो, आणि पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होतात, वजन घटतं, बाळ मलूल पडतं. नजर लागली, दूध पचत नाही, असं म्हणत दिवस घालवले तर बाळ हातचं जातं. रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त सापडलं की 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची तपासणी ताबडतोब करायची. योग्य औषध दिलं की हीच मुलं शाळेत जातात, मोठी होतात, आणि हे औषध म्हणजे स्टिरॉइडच असतं.

आता कॉर्टिसोलचा कारखाना. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक अ‍ॅड्रीनल ग्रंथी बसलेली असते. तिचं वजन 4-5 ग्रॅम, म्हणजे सुकलेल्या गावठी काजूच्या बीएवढं. बाहेरचा भाग तीन थरांचा: वरच्या थरात अल्डोस्टेरॉन, मधल्या सगळ्यात जाड थरात कॉर्टिसोल, आतल्या थरात कमी ताकदीची पुरुषी हार्मोन. अगदी मधला गाभा वेगळा, तो अ‍ॅड्रेनॅलिन करतो.

या कारखान्याला कोठार नाही. थायरॉइड ग्रंथी काही आठवड्यांचा साठा बाळगते. स्वादुपिंडात इन्सुलिनच्या पुड्या भरून तयार असतात. अ‍ॅड्रीनलकडे तयार कॉर्टिसोल जवळपास नसतंच, हुकूम आला की त्याच मिनिटाला बनवायला घ्यायचं अशी तिची रीत. बंदराला बोट लागली की मिळेल ती ताजी मासळी, फडताळात सुकं काही नाही, असं हे घर. आणि रक्तात गेलेलं कॉर्टिसोल दीड तासाच्या आत निम्म्यावर येतं, यकृत त्याला निकामी करतं आणि ते लघवीवाटे जातं. म्हणून हुकूम येणं थांबलं तर कारखाना थांबला, आणि कारखाना थांबला तर काही तासांत शिल्लक संपली.

हुकूम येतो मेंदूकडून. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्याने मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी जागी होऊन एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते, आणि ते रक्तातून अ‍ॅड्रीनलला पोचतं. पुरेसं कॉर्टिसोल झालं की तेच वर जाऊन सीआरएच आणि एसीटीएच दोन्ही कमी करतं. याला घड्याळ आहे. मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसोल सगळ्यात कमी, पहाटे तीन-चारला चढायला लागतं आणि सकाळी सहा ते आठच्या दरम्यान सगळ्यात जास्त. ताप, जखम, ऑपरेशन, रक्तस्राव असं काही आलं की घड्याळ बाजूला पडतं आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढतं. मोठ्या आजारात दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या पुढेही जातं. रक्तदाब टिकवणं, साखर घसरू न देणं, सूज आटोक्यात ठेवणं ही त्या वेळी त्याचीच कामं.

एसीटीएचशिवायही चालणारा थर एकच, वरचा. अल्डोस्टेरॉनचा मुख्य लगाम मूत्रपिंडातून सुटणाऱ्या रेनिन या एन्झाइमच्या आणि रक्तातल्या पोटॅशियमच्या हातात आहे. हा बारकावा पुढे कामाला येतो.

हार्मोन पेशीपाशी पोचल्यावर काय करतं, तेही दोन ओळींत सांगतो, कारण त्यातून एक नेहमीची चूक टळते. कॉर्टिसोल पेशीच्या आत शिरतं, तिथे वाट पाहणाऱ्या ग्राहीला (हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, दोघं मिळून केंद्रकात जातात आणि कोणती जनुकं चालू, कोणती बंद हे बदलतात. मग नवी प्रथिनं तयार व्हायची. याला तास लागतात. म्हणून दम्याचा अ‍ॅटॅक आल्यावर घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळीचा परिणाम साधारण चार-सहा तासांनी दिसतो. ती लवकर घ्यायची हे बरोबर, पण ती गिळून खाटेवर वाट पाहत बसायचं नाही. तेवढ्यात श्वासनळी उघडणारा पंप आणि गरज पडली तर दवाखाना, हेच करायचं.

आता बाहेरून गोळी आली की काय होतं ते बघा. प्रेडनिसोलोनची 5 मिलिग्रॅमची गोळी म्हणजे साधारण 20 मिलिग्रॅम कॉर्टिसोल, मिथाइलप्रेडनिसोलोन असेल तर तेवढ्यालाच 4 मिलिग्रॅम पुरतात. डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोनची अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमची बारकी गोळीही जवळपास तेवढ्याच ताकदीची, वर तिचा अंमल दीड-दोन दिवस टिकतो. "अगदी बारकीशी गोळी आहे हो, रोज एकच घेतो" असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आकार बघून ताकद कळत नाही.

मेंदूला ही गोळी आणि स्वतःचं कॉर्टिसोल यातला फरक कळत नाही. भरपूर आहे असं त्याला वाटतं आणि हुकूम बंद होतो. चार-पाच दिवस असं झालं तर काही बिघडत नाही. महिना, दोन महिने झाले की एसीटीएचवाचून अ‍ॅड्रीनलचे आतले दोन थर आक्रसतात. गोळी थांबवल्यावर आधी मेंदू जागा होतो, मग पिट्यूटरी, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅड्रीनल. काहींना काही आठवडे लागतात, काहींना सहा महिने ते वर्ष, क्वचित त्याहून जास्त.

गोळीखेरीज इतर वाटांनीही हेच होतं, आणि त्या वाटा लोक मोजत नाहीत. गुडघ्यात किंवा खांद्यात वरचेवर घेतलेली स्टिरॉइडची इंजेक्शनं. मोठ्या मात्रेचा श्वासाचा पंप वर्षानुवर्षं. क्लोबेटासोलसारखं कडक मलम अंगभर. आणि पुड्या. सांधेदुखीवर किंवा दम्यावर "शुद्ध जडीबुटी" म्हणून कागदात बांधून मिळणारी तपकिरी भुकटी, तिच्यावर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. अशा भुकटीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं वैद्यकात नवी नाहीत. ओळखायची खूण अशी: वर्षानुवर्षांचं दुखणं एक-दोन दिवसांत पळालं, भूक भसाभस वाढली, महिन्याभरात गाल गोल झाले, आणि पुडी चुकली की दुखणं दुप्पट. अशी पुडी चालू असेल तर ती लपवू नका आणि एकदम फेकूनही देऊ नका. कागदासकट डॉक्टरांना दाखवा. रागावणारे डॉक्टर असतीलही, पण काय चालू होतं हे त्यांना कळणं तुमच्या जीवासाठी गरजेचं आहे.

एकदम सोडल्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि तिन्हींची सरमिसळ होते. पहिली, मूळ आजार उलटतो: दमा, संधिवात, जे काही दाबलं होतं ते. दुसरी, कॉर्टिसोल खरोखर कमी पडतं: न संपणारा थकवा, भूक मरणं, मळमळ, उलटी, पोटात दुखणं, उठल्यावर घेरी, रक्तदाब आणि कधी साखर खाली. तिसरी, तपासणीत कॉर्टिसोल ठीक आलं तरी जास्त मात्रेची सवय झालेलं शरीर कुरकुरतं: अंग मोडून येणं, सांधे धरणं, उदास वाटणं. दुसरी अवस्था जीवघेणी, तिसरी त्रासदायक, आणि बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. म्हणूनच "थकवा आलाय, ताकदीचं सलाइन लावा" एवढ्यावर ही गोष्ट संपवू नये.

थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 साली ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात अ‍ॅड्रीनल ग्रंथीच नष्ट झालेली असते. आपल्या देशात त्याचं एक महत्त्वाचं कारण क्षयरोग. त्यात एसीटीएच प्रचंड वाढतं आणि त्यामुळे हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुने व्रण काळवंडतात. अल्डोस्टेरॉनही नसतं, म्हणून माणूस मिठासाठी आसुसतो, खारातली कैरी नुसती खात सुटतो. गोळी सोडल्याने होणाऱ्या प्रकारात काळेपणा येत नाही, कारण एसीटीएचच कमी असतं. आणि वरचा थर शाबूत असल्यामुळे मिठाची तेवढी ओढही नसते. काळा पडलो नाही म्हणजे काही झालं नाही, असा अर्थ त्यातून काढायचा नाही. पेजेत चिमूटभर मीठ जास्त टाकून कॉर्टिसोलची कमतरता भरतही नाही.

मग सोडायची कशी? तीन आठवड्यांच्या आतला एकच कोर्स असेल तर बहुतेकांना तो कमी-कमी न करताही थांबवता येतो. वर्षात असे चार-पाच कोर्स झाले असतील तर मात्र ही सूट धरू नका. त्याहून जास्त दिवस घेतलेली गोळी टप्प्याटप्प्याने उतरवायची. वेग मूळ आजारावर ठरतो, पण अंदाजासाठी: रोज 40 मिलिग्रॅमवरून 20 पर्यंत येताना दर एक-दोन आठवड्यांना 5 ते 10 कमी, 20 वरून 10 पर्यंत 2.5 ते 5 कमी, आणि 10 च्या खाली दर दोन ते चार आठवड्यांना फक्त 1 ते 2.5. वरचा उतार भरभर, खालचा हळू, कारण शरीराची स्वतःची गरज साधारण 4 ते 6 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढी आहे. तिच्यावर असेपर्यंत ग्रंथी झोपून राहिली तरी निभतं, तिच्याखाली उतरलं की तिला उठावंच लागतं. नेमकं याच टप्प्यावर लोक कंटाळतात. "आता अर्धीच राहिलीय, सोडली काय आणि घेतली काय" म्हणतात, आणि नेमकी हीच अर्धी सगळ्यात सांभाळून सोडायची असते.

ग्रंथी उठली की नाही ते पाहण्यासाठी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान रक्तातलं कॉर्टिसोल तपासतात. दुपारी काढलेल्या रक्ताचा इथे उपयोग नाही. आदल्या दिवशीच्या सकाळच्या गोळीनंतर 24 तास होऊ द्यायचे, त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, कारण प्रेडनिसोलोन काही तपासण्यांमध्ये कॉर्टिसोल म्हणून मोजलं जातं आणि आकडा फसवा येतो. हे डॉक्टरांना विचारून करायचं. 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर ग्रंथी बहुधा सावरली, 5 च्या खाली असेल तर अजून नाही, मधलं असेल तर थोड्या आठवड्यांनी पुन्हा, किंवा एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथी किती प्रतिसाद देते ते बघतात.

गोळी चालू असतानाच्या चार गोष्टी. सकाळी न्याहारीनंतर, आठच्या सुमारास घ्यायची, म्हणजे ती शरीराच्या घड्याळाशी जुळते. रात्री घेतली तर झोप उडते. सकाळी घेतलेल्या गोळीने साखर दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी चढते. उपाशीपोटीचा रिपोर्ट पुष्कळदा साफ येतो आणि "साखर नाही" अशी खोटी खात्री होते, म्हणून दुपारी जेवल्यावर दोन तासांनी तपासा. हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सगळ्यात वेगाने होते, तेव्हा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा विचार पहिल्या चिठ्ठीपासून हवा. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. काट्यासकट खाता येणारी मांदेली आहे. खारवलेली सुकी मासळी, पापड, लोणची मात्र या काळात बेतानेच, कारण अंगात मीठ-पाणी साठतं. पंपाने स्टिरॉइड घेत असाल तर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून थुंकून टाका, नाहीतर जिभेवर बुरशीचे पांढरे चट्टे येतात.

कंबरेत किंवा जांघेत नवीन दुखणं, मांडी घालून बसताना अडचण, हे सुरू झालं तर वातावर ढकलू नका. स्टिरॉइडने मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं.

मलमाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या किनाऱ्यावर ते फार गरजेचं आहे. जून ते सप्टेंबर कपडे सुकत नाहीत. लावणीच्या दिवसांत माणसं तासन् तास ओल्या कपड्यांत असतात. जांघेत, कंबरेला, काखेत गजकर्ण उठतं. मेडिकलमधून एक ट्यूब येते, तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन. दोन दिवसांत खाज थांबते. खाज स्टिरॉइडने थांबलेली असते, बुरशीला मात्र रान मोकळं मिळालेलं असतं. ट्यूब संपली की चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परततो, त्याची गोल कड पुसट होते, ओळखायलाही कठीण. मग दुसरी ट्यूब, तिसरी. सहा महिन्यांनी मांडीच्या आतल्या बाजूला बघा: कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत, खालच्या निळ्या शिरा दिसतात, आणि जांभळट लाल, बोटभर रुंद पट्टे आडवेतिडवे गेलेले. ते पट्टे कातडीचा आतला थर फाटल्याचे असतात आणि पुढे पांढरे पडले तरी कायमचे राहतात. ट्यूबवर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. "सोल", "सोन" असा शेवट असलेलं नाव दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गजकर्णाला लावू नका. "झोल" असा शेवट असेल तर ते बहुधा बुरशीचं औषध. सोरायसिसला किंवा इसबाला हेच क्लोबेटासोल फार गुणकारी आहे, फक्त मोठ्या माणसाने आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर आणि सलग दोन आठवड्यांच्या पुढे वापरायचं नाही. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची वळी म्हणजे अर्धा ग्रॅम, ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

एक घरगुती वस्तूही सांगून ठेवतो: जेष्ठमध. आपल्या मूत्रपिंडात एक एन्झाइम पहारा देतं. कॉर्टिसोल रक्तात अल्डोस्टेरॉनपेक्षा शेकडो पटींनी जास्त असतं आणि अल्डोस्टेरॉनच्याच ग्राहीला चिकटू शकतं, म्हणून हे एन्झाइम त्याला आधीच निष्प्रभ कॉर्टिसोनमध्ये बदलून टाकतं. जेष्ठमधातलं ग्लिसिरायझिन या पहारेकऱ्यालाच अडवतं. खोकल्याला एखादी काडी चघळली तर काही होत नाही. रोज काढा करून आठवडेच्या आठवडे घेतला तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पाय लटपटतात. रक्तदाबाचं औषध चालू असताना जेष्ठमध चालू असेल तर तेही सांगायला हवं.

व्यायामशाळेत स्नायू फुगवायला घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचंही गणित हेच. बाहेरून आलं की पिट्यूटरीचा हुकूम थांबतो, वृषणं आक्रसतात, शुक्रजंतू शून्यापर्यंत जातात. लग्नाला दोन वर्षं झाली आणि मूल नाही म्हणून तपासणीला येणाऱ्या तरुणाला हा प्रश्न विचारायलाच हवा.

एवढं वाचून कुणी स्टिरॉइड नकोच असं ठरवलं तर माझं लिहिणं फुकट गेलं. 1948 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एडवर्ड केंडल यांनी वेगळं केलेलं कॉर्टिसोन (यकृत त्याचं पुन्हा कॉर्टिसोल करतं) संधिवाताने खिळलेल्या एका तरुण बाईला दिलं आणि आठवड्याभरात ती चालू लागली. 1950 साली या दोघांना आणि टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांमध्ये रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस, मृत्यू कमी करतं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने काळ्या बुरशीची लाट पाहिली. त्यात मधुमेह होता आणि गरजेपेक्षा जास्त, जास्त दिवस दिलेलं स्टिरॉइडही होतं. औषध तेच होतं. मात्रा आणि दिवस यांचा फरक होता.

शेवटी आजारपणातला नियम. जे कमी मात्रेवर आहेत किंवा ज्यांनी गेल्या वर्षभरात दीर्घकाळची गोळी सोडली आहे, त्यांच्या अ‍ॅड्रीनलला तापात वाढीव कॉर्टिसोल देता येत नाही. ते बाहेरून द्यायचं. रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवर असलेल्याला तापाच्या दिवसांत साधारण 10 लागतं, दोन वेळांत विभागून. आधीच 10 किंवा जास्त घेत असेल तर साध्या तापाला बहुधा तेवढं पुरतं. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषध म्हणून दिलं जाणारं कॉर्टिसोलच, घेणाऱ्यांनी मात्रा दुप्पट, मोठ्या तापात तिप्पट करायची. ताप गेल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा मूळ मात्रेवर. हे आकडे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, तापात विचारत बसायला नको. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटून पडली तर एकदा पुन्हा घ्या. पुन्हा उलटली तर घरी थांबायचं नाही. हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं, आणि ते मोठं शहर गाठेपर्यंत लांबवायचं नाही, जवळच्या आरोग्य केंद्रात द्यायला सांगायचं.

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना हे विशेष. चौदा-पंधरा तासांचा प्रवास, वाटेत गोळ्या संपलेल्या, मेडिकल बंद, घरात पाहुणे, आणि एखाद्याला जुलाब लागलेले, असा योग दर भाद्रपदात येऊ शकतो. सुट्टीच्या दिवसांहून एक आठवडा जास्त पुरतील इतक्या गोळ्या घ्या, निम्म्या हातातल्या पिशवीत, निम्म्या बॅगेत. आणि पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, मराठीत आणि इंग्रजीत एक चिठ्ठी ठेवा:

"मी स्टिरॉइड घेतो / घेते. औषध ......, मात्रा ......, कधीपासून ....... हे औषध थांबवू नये. उलट्या, बेशुद्धी, मोठा अपघात किंवा ऑपरेशन असल्यास ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम शिरेतून किंवा स्नायूत द्यावं, सलाइन लावावं, साखर तपासावी. डॉक्टरांचा फोन ......, घरचा फोन ......."